बंदरात जहाजांची टक्कर आणि इंधनगळती: पहिल्या तासापासून सफाई संपेपर्यंत

बंदरात दोन जहाजे एकमेकांवर आदळली की बातम्यांमध्ये पहिली चौकशी जहाजावरच्या मालाची होते. प्रत्यक्षात पाण्यात उतरते ते पुष्कळदा जहाजाचे स्वतःचे इंधन, म्हणजेच बंकर. मालवाहू जहाज, कंटेनर जहाज किंवा गॅसवाहू जहाज, कोणत्याही जहाजाच्या पोटात प्रवासाच्या अंतरानुसार शेकडो टन इंधन असते. १ ऑगस्ट २०१० रोजी किंवा त्यानंतर ताब्यात दिलेल्या आणि ६०० घनमीटर किंवा त्याहून अधिक इंधनक्षमता असलेल्या जहाजांच्या इंधनटाक्या संरक्षित असाव्यात, असे जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्पोल कराराचे पहिले परिशिष्ट सांगते. त्याआधीच्या आणि लहान जहाजांत मात्र इंधन आणि समुद्र यांच्यामध्ये एकच पत्रा असू शकतो. म्हणून टक्कर कितीही किरकोळ वाटली, तरी गळती झाली आहे असे धरूनच कामाला लागावे, आणि ती झालेली नाही हे तपासून सिद्ध करावे.

पोर्ट कंट्रोल, टर्मिनल, टग, जहाज-एजन्सी किंवा बंदराच्या प्रदूषण प्रतिसाद पथकात नुकतेच रुजू झालेल्यांसाठी हा लेख आहे. आपल्या बंदराच्या मंजूर आपत्कालीन योजनेत वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा. येथे त्या क्रमामागची कारणे अधिक आहेत.

पहिली पायरी: माणसे आणि आग

तेल अडवण्याचा विचार दुसरा. आधी दोन्ही जहाजांवरील माणसांची मोजदाद, जखमींची सोय आणि आगीचा धोका. जहाजाच्या इंधनाचा ज्वलनांक साधारणपणे ६० अंश सेल्सिअसच्या खाली नसतो, त्यामुळे पाण्यावर पसरलेले डिझेल किंवा जड तेल सहजासहजी पेट घेत नाही. पण टकरीतील एक जहाज पेट्रोल, नॅफ्था किंवा द्रवरूप गॅस वाहणारे असेल तर हा दिलासा तिथेच संपतो. जड तेल वापरासाठी टाकीतच तापवून ठेवलेले असते, आणि त्याच्या वाफेत हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. म्हणून गॅस डिटेक्टर हातात असल्याशिवाय आणि वारा पाठीशी ठेवल्याशिवाय कोणत्याही बोटीने जवळ जाऊ नये. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांसारखा वास जास्त प्रमाणात नाकाला येईनासा होतो, हे नव्या माणसाला मुद्दाम सांगावे लागते. वास थांबला म्हणजे धोका टळला, असा समज जिवावर बेततो.

येथेच एक मोह आवरावा लागतो. एका जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, दुसऱ्याच्या कुशीत घुसून बसलेली असेल तर टग लावून दोघांना ताबडतोब वेगळे करण्याची घाई होते. घुसलेली नाळ पुष्कळदा त्या भोकाला अर्धवट बूच घालून असते. ती मागे ओढली की भोक मोकळे होते, पत्र्यावर पत्रा घासून ठिणग्या उडतात आणि पाणी आत शिरून जहाज कलू लागते. त्यामुळे जहाजे वेगळी कधी करायची, हा निर्णय दोन्ही कप्तान, हार्बर मास्टर आणि उपलब्ध असल्यास बचाव-तज्ज्ञ यांनी मिळून घ्यावा, आणि तो घेण्यापूर्वी शक्य असेल तर बूम, म्हणजे तेल अडवणारा तरंगता अडथळा, पाण्यात उतरलेला असावा. जहाज बुडण्याची किंवा आग पसरण्याची भीती असेल तर अर्थातच बूमची वाट पाहत बसू नये.

दुसरी पायरी: पहिला संदेश आणि पहिला आकडा

व्हीएचएफ रेडिओवर, चॅनेल १६ किंवा बंदराच्या ठरलेल्या चॅनेलवर जाणारा पहिला संदेश छोटा असावा, पण त्यात पुढील गोष्टी सुटू नयेत: वेळ, जागा, दोन्ही जहाजांची नावे, माणसांची स्थिती, दिसत असलेले तेल (रंग आणि अंदाजे लांबी-रुंदी), वारा, प्रवाहाची दिशा आणि भरती-ओहोटीची अवस्था. ‘किरकोळ गळती’, ‘नगण्य तवंग’ असे शब्द या संदेशात नसावेत, कारण ते डोळ्यांना दिसलेले नसतात, बोलणाऱ्याने ठरवलेले असतात. दिसले ते सांगावे, आणि अंधार किंवा धुके असेल तर दिसत नाही असेही सांगावे.

हा आग्रह कशासाठी, ते दोन घटनांवरून कळते. ७ नोव्हेंबर २००७ रोजी धुक्यात ‘कॉस्को बुसान’ हे कंटेनर जहाज सॅन फ्रान्सिस्को उपसागरातील पुलाच्या खांबाला घासले, तेव्हा सुरुवातीला १४० गॅलन, म्हणजे जेमतेम पाचशे लिटर तेल सांडल्याचे सांगितले गेले. प्रत्यक्षात सुमारे ५३,५०० गॅलन, म्हणजे दोन लाख लिटर तेल पाण्यात गेले होते. २८ जानेवारी २०१७ च्या पहाटे चेन्नईजवळ एन्नोरच्या कामराजर बंदराबाहेर ‘बीडब्ल्यू मेपल’ हे गॅसवाहू जहाज आणि ‘डॉन कांचीपुरम’ हे तेलवाहू जहाज यांची टक्कर झाली. पर्यावरणाला धोका नसल्याचे सुरुवातीचे निवेदन होते, आणि पुढे किनाऱ्यावर जड तेलाचे थर येऊन पडले. पहिला आकडा जवळजवळ नेहमी कमी निघतो, आणि त्यात कोणी खोटे बोललेलेच असते असे नाही: रात्र असते, तेल जहाजाच्या दुसऱ्या बाजूला असते, टाकी मोजायला कोणी गेलेले नसते. माझ्या मते पहिल्या तासात परिमाणाचा आकडा जाहीर न करणे आणि पथक मात्र मोठ्या गळतीच्या हिशेबाने हलवणे, हेच शहाणपणाचे. बोलावलेली साधने परत पाठवता येतात. न बोलावलेली साधने ओहोटी लागल्यावर वेळेत पोहोचत नाहीत.

संदेश गेला की लगेच त्या भागातील जहाजांची ये-जा थांबवावी किंवा वेग अगदी कमी करावा. जवळून जाणाऱ्या जहाजाच्या पंख्याचा लोंढा तवंग फाडतो, तेल पाण्यात घुसळतो आणि बूमखालून पलीकडे ढकलतो. कंटेनर जहाज असेल तर आणखी एक अडचण असते: ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांच्या टकरीनंतर कंटेनर पाण्यात पडून वाहू लागले, आणि त्यामुळे तेलाबरोबरच वाहतुकीचा मार्गही अडला. असे अर्धे बुडालेले कंटेनर रात्री बोटींना दिसत नाहीत; तेल गोळा करायला निघालेल्या बोटींनाही नाही.

त्याच वेळी एक दूरध्वनी यादी हाती घ्यावी, जी बऱ्याच ठिकाणी विसरली जाते: समुद्राचे पाणी आत ओढणारे सर्वजण. वीजकेंद्राचे शीतकरण, खारे पाणी गोडे करणारा प्रकल्प, मत्स्यपालनाचे तलाव, धक्क्यावरचे अग्निशमन पंप. यांना वेळेत कळले तर ते पाणी घेणे थांबवू शकतात किंवा मुखाशी बूम लावू शकतात.

तिसरी पायरी: उगम आटोक्यात आणणे

पाण्यावरचे तेल गोळा करण्यापेक्षा टाकीतले तेल टाकीतच राखणे केव्हाही स्वस्त. हे काम जहाजावरच्या मंडळींचे आहे. ४०० टन एकूण टनेज किंवा त्याहून मोठ्या जहाजावर आणि १५० टन किंवा त्याहून मोठ्या तेलवाहू जहाजावर त्यासाठी सोपेप नावाची आपत्कालीन योजना असणे मार्पोलनुसार बंधनकारक आहे. फुटलेल्या टाकीकडे जाणाऱ्या झडपा बंद करणे, डेकवरची निचरा-छिद्रे बुजवणे, फुटलेल्या टाकीतले तेल शाबूत टाकीत किंवा बाजूला लावलेल्या बार्जमध्ये हलवणे, आणि भोक पाण्यावर यावे म्हणून जहाज विरुद्ध बाजूला थोडे कलवणे, हे नेहमीचे उपाय. यातला प्रत्येक उपाय जहाजाचा तोल आणि पत्र्यांवरचा ताण यांचा हिशेब करूनच योजावा लागतो. पाणी ओसरत असताना जहाज तळाला टेकणार असेल तर तो हिशेबही बदलतो.

टाकी मोजताना नवखा माणूस एका ठिकाणी हमखास फसतो. भोक पाण्याच्या पातळीखाली असेल तर तेल बाहेर जाते आणि त्याच वाटेने समुद्राचे पाणी आत येते. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने आत आलेले पाणी तळाशी बसते आणि वरचे उरलेले तेल उचलून धरते. साउंडिंगची, म्हणजे पातळी मोजण्याची, फीत टाकीत सोडली की पातळी फारशी उतरलेली दिसत नाही, आणि ‘या टाकीतून काही गेलेले नाही’ असा निष्कर्ष निघतो. यासाठी फितीच्या खालच्या भागावर पाणी ओळखणारी पेस्ट लावून मग ती सोडावी. फीत वर आली की पेस्टचा रंग जिथपर्यंत बदलला असेल तिथपर्यंत पाणी आहे. त्यावरचा भागच तेल. हे मोजमाप दर तासाला, त्याच माणसाने, त्याच नळीतून घ्यावे आणि वेळेसह लिहून ठेवावे. भोक तळाशी असेल तर आत साचलेले पाणी काही वेळाने गळती जवळपास थांबवते; भोक त्याहून वर असेल तर भोकाच्या खालचे तेल हळूहळू बाहेर येत राहते. तळाला टेकलेल्या जहाजाची थांबलेली वाटणारी गळती ओहोटीला पुन्हा सुरू होते ती बहुधा यामुळे, कारण पाण्याच्या पातळीशी भोकाचे नाते बदललेले असते.

चौथी पायरी: कोणते तेल, किती आणि कुठे

जहाजावर बंकर घेतानाची पावती असते, तिच्यावर इंधनाचा प्रकार, १५ अंशांवरची घनता आणि गंधकाचे प्रमाण नोंदलेले असते, आणि सोबत मोहोरबंद नमुनाही ठेवलेला असतो. एजंटमार्फत ती पावती पहिल्या तासात मागवून घ्यावी. सागरी डिझेल पातळ असते, झपाट्याने पसरते, बराचसा भाग उडून जातो किंवा पाण्यात मिसळतो, पण जलचरांना ते लगेच बाधते. जड तेल उडून जात नाही. ते दाट, काळे आणि चिकट राहते, लाटांत घुसळून पाणी शोषते आणि तपकिरी लगदा बनतो, ज्यात निम्म्याहून बरेच अधिक पाणीच असते. सांडलेल्या एका टनाचे तीन-चार टन गोळा करण्याजोगे होतात ते असे. १ जानेवारी २०२० पासून गंधकाची मर्यादा ०.५० टक्क्यांवर आल्यानंतर आलेली कमी गंधकाची इंधने आणखी लहरी आहेत: एकाच नावाखाली काही पातळ असतात, तर काहींत मेण इतके असते की थंड पाण्यात ती गोठून गोळे होतात आणि पाण्यावरचे तेल ओढून घेणाऱ्या यंत्राकडे, म्हणजे स्किमरकडे, वाहतच नाहीत. म्हणून नावावर विसंबू नये. पावतीवरची घनता, आणि चाचणी अहवाल असेल तर त्यातला गोठणबिंदू पाहावा.

तेल किती, याचा ढोबळ अंदाज तवंगाच्या रंगावरून बांधता येतो. सागरी प्रदूषणाविषयीच्या बॉन करारातील रंगसंकेतानुसार रुपेरी झाक म्हणजे ०.०४ ते ०.३ मायक्रॉन जाडी, इंद्रधनुषी रंग म्हणजे ०.३ ते ५, धातूसारखी चमक म्हणजे ५ ते ५०, तुटक खरा रंग म्हणजे ५० ते २००, आणि सलग खरा रंग म्हणजे २०० मायक्रॉनहून अधिक. आता २०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद पट्टा घ्या, म्हणजे १०,००० चौरस मीटर. तो सगळा इंद्रधनुषी असेल तर त्यात ३ ते ५० लिटर तेल आहे. सलग काळा असेल तर किमान २,००० लिटर. छायाचित्रात दोन्ही पट्टे सारखेच मोठे दिसतात, आणि रंगीबेरंगी पट्टा अधिक भीतिदायक दिसतो. साधने काळ्या पट्ट्याकडे पाठवावीत. लगदा झालेल्या तेलाला हा संकेत लागू पडत नाही.

तेल कुठे जाईल याचा ठोकताळा सोपा आहे: प्रवाहाचा पूर्ण वेग, अधिक वाऱ्याच्या वेगाचे सुमारे ३ टक्के, दोन्ही आपापल्या दिशेने. २० नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्याचा वाटा ०.६ नॉट पडतो. म्हणजे प्रवाह मंद असताना तेल वाऱ्याच्या मर्जीने जाते. बंदरात प्रवाह भरती-ओहोटीनुसार उलटतो, म्हणून एका नकाशावर दोन बाणांऐवजी पुढच्या दोन्ही भरत्या आणि दोन्ही ओहोट्यांचे बाण काढावेत. शेवटी तेल जाऊन बसते ते गोदीच्या कोपऱ्यांत, खांबांवर उभ्या धक्क्यांच्या पोटात, बांधून ठेवलेल्या होड्यांच्या मागे आणि खाडीच्या आतल्या खारफुटीत. कचरा एरवी जिथे साचतो तिथेच तेलही साचते. बंदरातल्या जुन्या बोटवाल्यांना या जागा तोंडपाठ असतात आणि त्यांना विचारायला पैसे पडत नाहीत.

पाचवी पायरी: बूम

बूम किती आहे यापेक्षा कुठे आणि कोणत्या कोनात लावला, यावर यश ठरते. प्रवाहाला काटकोनात धरलेल्या बूमखालून ०.७ नॉटच्या आसपास तेल निसटू लागते; बूम कितीही चांगला असला तरी हा पाण्याचा नियम आहे. प्रवाह त्याहून वेगवान असेल तर बूम तिरका लावावा: १.४ नॉट प्रवाहात ३० अंशांचा कोन ठेवला तर बूमला काटकोनात भिडणारा वेग पुन्हा ०.७ वर येतो. तिरका बूम तेल अडवत नाही, ते काठाकडे वळवतो, म्हणून त्याच्या काठाच्या टोकाशी स्किमर आणि टाकी तयार असायला हवी; नाहीतर तेल तिथे जमून बाहेर पडते.

क्रम असा ठेवावा. प्रथम जहाजाभोवती, सुरक्षित असेल तरच. त्यासाठी जहाजाच्या लांबीच्या तिपटीइतका बूम धरावा. मग पाणी घेणारी मुखे आणि खारफुटी. मग तेल गोळा करण्याच्या जागा. सगळीकडे थोडा थोडा बूम लावून कोणालाच न वाचवणे, ही चूक दबावाखाली सहज होते, कारण प्रत्येक जागेचा कोणीतरी मालक फोनवर असतो. वाचवायच्या जागांचा क्रम शांत काळात ठरवून, सही घेऊन ठेवलेला असावा.

बूम निकामी होतो तो बहुधा टोकांशी. धक्क्याची भिंत खडबडीत असते, शिंपल्यांनी भरलेली असते, रबरी फेंडर मध्ये येतात, आणि बूमचे टोक दोरीने वर बांधलेले असते. भरती चढू लागली की दोरी ढिली पडून टोक भिंतीपासून सुटते. ओहोटीला टोक दोरीवर लटकते, त्याची एरवी पाण्याखाली असणारी झालर पाण्याबाहेर येते आणि तळहाताएवढ्या फटीतून रात्रभर तेल पलीकडे जात राहते. पाण्याबरोबर वर-खाली सरकणारा जोड भिंतीवर कायमचा बसवलेला असेल तर उत्तम. नसेल तर प्रत्येक टोकाशी माणूस ठेवावा, टॉर्च आणि रेडिओसह. धक्का खांबांवर उभा असेल तर बूम धक्क्याच्या पुढच्या कडेने लावून तेलाला पोटात शिरूच देऊ नये, कारण तिथून ते बाहेर काढणे हे सगळ्या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि धोक्याचे काम असते.

सहावी पायरी: गोळा करणे आणि साठवणे

स्किमर तेलाच्या जातीप्रमाणे निवडावा. तबकड्यांचे आणि ड्रमचे स्किमर पातळ ते मध्यम तेलाला, ब्रशचे आणि पट्ट्याचे जड तेलाला चालतात. बांधावरून तेल आत घेणारा वीअर स्किमर दुधावरची साय काढावी तसा काम करतो, पण लाट आली की तेलापेक्षा पाणीच जास्त घेतो. तरंगता कचरा, दोऱ्या आणि प्लास्टिक पंपात अडकते, म्हणून स्किमरच्या पुढे जाळी आणि हातात आकडी घेतलेला माणूस लागतो.

काम थांबते ते मात्र बहुधा साठवणीपाशी. ताशी २० घनमीटर ओढणारा स्किमर एका पाळीत १५० घनमीटरहून अधिक तेलमिश्रित पाणी देतो, आणि धक्क्यावर टाकी १० घनमीटरची असते. बार्ज, टँकर गाड्या आणि तात्पुरत्या टाक्या स्किमरबरोबरच मागवाव्यात. खाली बसलेले पाणी परत बूमच्या आत सोडता येते, पण त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी घ्यावी.

शोषक चटया आणि शोषक बूम शेवटच्या पातळ तवंगासाठी आहेत. दाट जड तेलावर त्या फेकल्या तर वरून माखतात, आत काही शोषत नाहीत, आणि तेलाबरोबर चटयांचाही कचरा वाढतो. साबणाचे पाणी किंवा डिटर्जंट कोणी ओतू लागला तर ताबडतोब थांबवावे. त्याने तेल दिसेनासे होते, जात नाही. मान्यताप्राप्त डिस्पर्संटही, म्हणजे तेल विखुरणारी रसायनेही, बंदराच्या उथळ, कोंडलेल्या पाण्यात सहसा चालत नाहीत, कारण विखुरलेले तेल विरळ व्हायला तिथे पुरेसे पाणीच नसते. शिवाय जड आणि लगदा झालेल्या तेलावर त्यांचा परिणाम होत नाही. वापरायचेच असेल तर परवानगी लागते. अग्निशमन नळीचा फवारा तेलावर थेट मारू नये. तेलाच्या मागे, पाण्याच्या पृष्ठभागावर हलका मारून तेल बूमकडे सरकवता येते.

किनाऱ्यावर काम पोहोचले की स्वयंसेवक येतात. एन्नोरच्या किनाऱ्यावर बादल्यांनी तेल उपसणाऱ्या माणसांची छायाचित्रे तेव्हा सर्वत्र पसरली होती. हाताने काम करणे चुकीचे नाही. जड तेलाला किनाऱ्यावर पुष्कळदा तोच उपाय उरतो. पण तेलात न विरघळणारे हातमोजे, गमबूट, अंगभर पोशाख, बाहेर पडताना अंग स्वच्छ करण्याची जागा आणि पाळ्यांची नोंद नसेल तर कोणालाही आत सोडू नये. द्रव तेल, तेलकट वाळू, तेलकट चटया आणि साधा कचरा पहिल्याच दिवसापासून वेगळा ठेवावा, कारण एकत्र केलेला ढीग सगळाच घातक कचरा ठरतो आणि त्याचा खर्च कित्येक पटींनी वाढतो.

सातवी पायरी: नोंदी, नमुने आणि पैसा

हे काम शेवटी लिहिले असले तरी पहिल्या मिनिटापासून चालू असावे. फक्त नोंदी ठेवण्यासाठी एक माणूस नेमावा. पाण्यावरच्या तेलाचे, आणि दोन्ही जहाजांच्या टाक्यांतल्या तेलाचे नमुने स्वच्छ काचेच्या बाटल्यांत, लेबल व सही करून, मोहोर लावून, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावेत. तेल कोणाचे, हा वाद प्रयोगशाळेतच मिटतो. रोज कोणती बोट किती तास चालली, किती माणसे होती, किती चटया वापरल्या, याचा तक्ता त्याच संध्याकाळी पूर्ण करावा. २००१ चा बंकर करार २१ नोव्हेंबर २००८ पासून लागू आहे, आणि तो मान्य केलेल्या देशांत १,००० टनांहून अधिक एकूण टनेजच्या जहाजाला इंधनप्रदूषणासाठी विमा सक्तीचा आहे. दावा थेट विमा देणाऱ्याकडे, म्हणजे बहुधा पी अँड आय क्लब या जहाजमालकांच्या परस्पर विमासंघाकडे करता येतो, आणि नुकसानीपासून तीन वर्षांत न केल्यास तो बाद होतो. विमा देणाऱ्याचा सर्वेक्षक प्रत्येक खर्चाबाबत तो वाजवी होता का, एवढेच विचारतो. आणि त्याला उत्तर त्या दिवशी लिहिलेल्या कागदातूनच देता येते. गळती तेलवाहू जहाजाच्या मालाची असेल तर दायित्वाचे वेगळे करार लागू होतात, म्हणून सांडले ते बंकर की माल, हे नमुन्यानेच ठरवून घ्यावे.

काम कधी थांबवायचे

प्रत्येक जागेसाठी शेवटचा निकष वेगळा असतो आणि तो सफाई सुरू होण्यापूर्वी सर्वांनी मान्य केलेला असावा. धक्क्याच्या भिंतीसाठी हात लावल्यावर तेल निघू नये, एवढे पुरते. गरम पाण्याच्या दाबाने धुताना खाली बूम आणि शोषक ठेवायलाच हवेत. खारफुटीत मात्र मुळे तुडवत शिरलेली माणसे तेलापेक्षा अधिक नुकसान करू शकतात, आणि तिथे पुष्कळदा कमी पाण्याने हलके धुणे किंवा काहीच न करणे योग्य ठरते. बंदरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जहाजाची पाणरेषा पुसून मगच त्याला सोडावे, नाहीतर तेलाचा पट्टा पुढच्या बंदरात पोहोचतो.

वाहतूक पुन्हा सुरू झाल्यावरही खांबांवरच्या धक्क्यांपुढचा बूम लगेच काढू नये. पोटात अडकलेले तेल उधाणाच्या भरतीला पुन्हा बाहेर येते. म्हणून पुढच्या अमावास्या किंवा पौर्णिमेचे उधाण येऊन जाईपर्यंत तिथे बूम ठेवावा, रोज सकाळी पाणी उतरल्यावर एक फेरी मारावी, आणि त्या फेरीतही काही दिसले नाही तर ‘दिसले नाही’ अशी नोंद वेळेसह करावी.